एमसीएटीचं साइक-सोश: सगळं येतंय तरी मार्क का जातात? या चुका टाळा

अमेरिकेत मेडिकलला जायचं तर बहुतेक ठिकाणी एमसीएटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि एमसीएटी म्हटलं की आपल्या लोकांच्या घरात फिजिक्स, केमिस्ट्री, बायो एवढंच बोललं जातं. सायकॉलॉजी-सोशिओलॉजीचा सेक्शन 2015 पासून आहे, मार्क बाकीच्या सेक्शनइतकेच, 118 ते 132, तरी आमचे बाबा त्याला "गप्पांचा पेपर" म्हणायचे. मीही तसंच धरून चालले आणि पहिल्या प्रॅक्टिस टेस्टला 124 आले, म्हणजे मधल्या 125 च्याही खाली. आणि गंमत बघा, अख्ख्या पेपरात एकही शब्द अनोळखी नव्हता.

तिथेच तर सगळी गोची आहे. मी खान अकॅडमीचे व्हिडिओ दीडच्या स्पीडला पळवले, ऑनलाइन फिरणाऱ्या त्या तीनशे पानी नोट्स हायलायटरने रंगवल्या, पानं इतकी पिवळी झाली की हळदीकुंकवाला वाटता आली असती. पण पान झाकून "आता सांग" म्हटलं की ततपप. रेकग्निशन (बघून ओळखणं) वेगळं आणि रिकॉल (न बघता आठवणं) वेगळं हे त्याच नोट्समध्ये मीच पिवळं केलेलं होतं, एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवस सोडून सोडून केलेलं जास्त टिकतं हेही तिथेच होतं, आणि मी ते सगळं एका वीकेंडला बसून घोकत होते! तर पान झाका, कोऱ्या कागदावर लिहा, दोन दिवसांनी परत, मग आठवड्याने परत. अँकी हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप वापरत असाल तर दुसऱ्याचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, आंधळेपणाने ढकलत बसू नका, निदान चुकलेली कार्डं तरी स्वतःच्या उदाहरणाने परत लिहा.

आता खरे मार्क जातात कुठे, तर जुळ्या शब्दांत. एकेकटा शब्द येतो, पण ऑप्शनमध्ये दोघं शेजारी आले की हात थरथरतो.

निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा, असं निम्म्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि ते साफ चूक आहे. गाडीत बेल्ट लावला नाही की टिंग टिंग सुरू होतं, कटकट नको म्हणून आपण बेल्ट लावतो, आवाज गेला, बेल्ट लावायची सवय वाढली. नकोशी गोष्ट गेली म्हणून निगेटिव्ह, वागणं वाढलं म्हणून रीइन्फोर्समेंट. आईने मोबाइल काढून घेतला आणि रात्रीची जागरणं कमी झाली, तर ते निगेटिव्ह पनिशमेंट. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी विचारायच्या: काही आलं का गेलं, आणि वागणं वाढलं का घटलं. चांगलं-वाईट हा विचार डोक्यातून काढूनच टाका.

तसंच ते आरतीला उशिरा येण्याचं. शेजारचे काका मंडळाच्या आरतीला उशिरा आले तर परिस्थिती न बघता "माणूसच बेशिस्त", हे झालं फंडामेंटल अ‍ॅट्रिब्यूशन एरर. काका बेशिस्त पण मी उशिरा आले तर पार्किंग मिळालं नाही, अशी दोन्ही टोकं प्रश्नात असतील तर अ‍ॅक्टर-ऑब्झर्व्हर बायस. आणि पेपर चांगला गेला तर मी हुशार, वाईट गेला तर पेपरच फालतू, हे सेल्फ-सर्व्हिंग. मी प्रश्नात फक्त "काका" असताना भलतं टिक करून यायचे, कारण "मी" मनातल्या मनात मीच घालत होते.

रोल कॉन्फ्लिक्ट आणि रोल स्ट्रेनचं मला आईमुळे कळलं. आई नर्स, नाइट शिफ्ट आणि माझं शाळेतलं गॅदरिंग एकाच दिवशी, नर्स आणि आई या दोन भूमिकांची ओढाताण म्हणजे कॉन्फ्लिक्ट. नर्स म्हणूनच एका पेशंटजवळ बसायचंय आणि त्याच वेळी बाकीच्यांची औषधंही वेळेवर द्यायचीत, भूमिका एकच पण मागण्या आपसात भांडतायत, तर स्ट्रेन.

काही शब्द तर सायकॉलॉजी आणि सोशिओलॉजी दोन्हीकडे येऊन मार्क खातात. असिमिलेशन घ्या. सायकॉलॉजीतलं, पियाजे या मानसशास्त्रज्ञाचं असिमिलेशन म्हणजे लहान मूल गायीलाही भूभू म्हणतं ते, डोक्यातला साचा तसाच ठेवून नवी गोष्ट त्यात कोंबायची (साचा बदलला की ते अकोमोडेशन). सोशिओलॉजीतलं असिमिलेशन म्हणजे बाहेरून आलेले लोक हळूहळू इथल्यासारखे होतात ते, ज्यावरून आपल्या घराघरात वाद होतात. पॅसेज कशाबद्दल चाललाय ते न बघता टिक केलं की गेला मार्क.

सोशिओलॉजीच्या थिअऱ्यांना लोक नावांची यादी समजतात, डुर्कहाइम, मार्क्स, वेबर, मीड, झालं. त्यापेक्षा एकच गोष्ट घ्या, समजा हॉस्पिटल, आणि चष्मे बदलून बघा. फंक्शनॅलिझमवाला विचारेल याने समाज नीट चालायला काय मदत होते, पार्सन्सचा सिक रोल (आजारी माणसाने कसं वागावं याच्या समाजाच्या अपेक्षा) इथलाच. कॉन्फ्लिक्ट थिअरीवाला विचारेल चांगले उपचार कोणाला मिळतात आणि कोणाला नाही. सिम्बॉलिक इंटरॅक्शनिझमवाला डॉक्टर-पेशंट समोरासमोर बोलताना शब्दांना, पांढऱ्या कोटाला काय अर्थ देतात ते बघेल. मला हे जमायला एक दुपार लागली, यादी तीन आठवडे पाठ होत नव्हती.

अजून एक, 59 पैकी 44 प्रश्न पॅसेजवरचे असतात आणि सुटे फक्त 15, तरी आपण अभ्यास करतो तो सगळा सुट्यांचा. पॅसेजमध्ये कोणीतरी काहीतरी प्रयोग केलेला असतो, त्यात काय बदललं, काय मोजलं, तेच लोक वर्षानुवर्षं तपासले की एकदाच वेगवेगळ्या वयाचे लोक घेतले, हे बाजूला दोन शब्दांत लिहायची सवय लावा. चारपैकी दोन ऑप्शन एरवी खरेच असतात, पण विचारलेल्याचं उत्तर त्यातलं एकच.

एवढं करूनही स्कोअर 126 ला अडकला असेल तर चुकांची वही उघडा. प्रत्येक चुकीपुढे एकच अक्षर: शब्दच माहीत नव्हता तर श, जुळ्यात फसले तर ज, प्रश्न नीट वाचला नाही तर व. माझ्या वहीत "श" जेमतेम चार-पाच आणि बाकी पानभर "ज" आणि "व", आणि मी मात्र रोज नवे शब्दच पाठ करत बसले होते. "श" जास्त असतील तर परीक्षा घेणाऱ्या एएएमसी या संस्थेची आउटलाइन (अभ्यासक्रमाची यादी) फुकट मिळते, ती घेऊन एकेक शब्द टिक करत जा, त्यात नाही ते सोडून द्या.

आणि हा सेक्शन सगळ्यात शेवटी येतो, आधीचे तीन सेक्शन देऊन डोक्याचा भुगा झालेला असतो, मग 95 मिनिटं हे. मी सराव मात्र सकाळी चहा घेऊन फ्रेश मूडमध्ये करायचे, घरी 128 आणि पूर्ण पेपरच्या सराव परीक्षेला (फुल-लेंथला) धपकन 125. मग मी मुद्दाम इतर सेक्शन संपवून, दहा मिनिटांचा ब्रेक घेऊन, त्यात मूठभर चिवडा खाऊन मगच साइक-सोशला बसायला लागले. चिवडा बिनतिखटाचा घ्या, नाहीतर दहातली पाच मिनिटं पाणी पिण्यातच जातात.