झाडीपट्टीत काम करणाऱ्यानं ब्रायन क्रॅन्स्टन कसा पाहाचा

आपल्याकडं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवाल्या झाडीपट्टीत, ॲक्टिंग शिकाची म्हणून पोट्टे मोबाईलवर हिरोचे डायलॉग पाठ करत बसतात. त्यानं आवाज मोकळा होते, बाकी काही होत नाई. त्यापेक्षा एकच नट धरा आन त्याचं जन्मभराचं काम खालून वर पाहत जा. मी म्हणतो ब्रायन क्रॅन्स्टन, 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन सिरियलमधला तो नशेचा माल बनवणारा टकल्या मास्तर. धान कापून झालं की मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलाइच्या शर्यती आन नाटकं सुरू होतात, मंग होळीपर्यंत कोणाले डोकं खाजवाले वेळ नसते, म्हणून हे काम रोवणं आटोपल्यावर कराचं.

हाच काऊन, तर याले नाव मिळालं तेच पन्नाशी ओलांडल्यावर. जन्म 1956 चा, हॉलिवूडमधलाच. बाप नट होता पण काम काही धड मिळे नाई आन पोरगा अकरा-बारा वर्षांचा असताना तो घर सोडून गेला. मंग हा आजा-आजीकडं युकायपा नावाच्या गावी राहिला, तिथं त्यांच्या फार्मवर कोंबड्या कापल्या. कॉलेजात शिकला पोलीस व्हाचं म्हणून, म्हणजे आपल्याकडचे पोट्टे भरतीसाठी पहाटे रोडनं पळतात ना, थोडंफार तसंच. नाटकाची गोडी मधातच लागली. नंतर जाहिराती केल्या, दुपारच्या सिरियलीत काम केलं, 'पॉवर रेंजर्स'मधल्या राक्षसाइले आवाज दिला. राक्षसाले आवाज देणं हे काम ज्याले कमीपणाचं वाटते त्यानं पुढचं वाचू नका.

आता पाहाचा क्रम. 'ब्रेकिंग बॅड'पासून सुरू कराचं नाई, हे पहिलं. तिथून सुरू केलं तर तुम्हाले तो मोठा माणूसच दिसते, त्याची मेहनत दिसत नाई. आधी 'साइनफेल्ड' या विनोदी सिरियलमधला दाताचा डॉक्टर टिम व्हॉटली पाहा, मोजक्याच एपिसोडमध्ये आहे, रोल एवढासा, पण तो हिरोच्या सीनमध्ये घुसून भाव खात नाई, आपलं काम करते आन निघून जाते. मंग 'मॅल्कम इन द मिडल'चे चार-पाच एपिसोड, 2000 ते 2006 चालली ती सिरियल, त्यात तो चार पोरांचा भित्रा, वेडपट बाप हॅल आहे. चड्डीवर नाचते, स्केटिंग करते, बायकोले लय भेते. हसाले येते पण पाहताना हे धरा की तो स्वतः एकदाही हसवाले जात नाई, त्याच्यासाठी ते सगळं जीवनमरणाचंच असते. आपल्या विनोदी नटाइनं हे एवढं जरी उचललं ना, अर्धी नाटकं सुधरतील, कारण आपला गडी प्रेक्षकाकडं पाहून डोळा मारते आन मंग बोलते.

त्यानंतर पाहाची खरी चीज, 'द एक्स-फाइल्स' या सिरियलचा 1998 चा 'ड्राइव्ह' नावाचा एपिसोड. लिहिणारा विन्स गिलिगन, ज्यानं पुढं 'ब्रेकिंग बॅड' बनवली. त्यात क्रॅन्स्टन क्रम्प नावाचा माणूस आहे, डोकं फुटाले आलेलं, गाडी पश्चिमेकडं पळत राहिली तरच जिवंत राहणार, बंदूक रोखून हिरोले गाडी चालवाले लावते. माणूस खडूस, जातधर्माहून घाण बोलणारा. तरी शेवटाले आपल्याले त्याची कीव येतेच येते. गिलिगनले तेच पाहिजे होतं. मंग जवळपास दहा वर्षांनी 'ब्रेकिंग बॅड'साठी त्यानं क्रॅन्स्टनचं नाव घेतलं तं चॅनेलवाले म्हणे, हा तं तो जोकर बाप होय. गिलिगननं त्याइले हाच एपिसोड दाखवला आन काम झालं. आपल्या वडशाच्या नाटक कंपन्याइतही हेच चालते, एकदा विनोदी पात्र केलं की जन्मभर विनोदीच, म्हणून एखादा छोटा वेगळा रोल आला, पैसे कमी असले तरी, घ्या आन त्याचं मोबाईलवर शूटिंग कराले कोणाले तरी बसवा. दाखवाले काही असावं लागते.

आता 'ब्रेकिंग बॅड', 2008 ते 2013, एकूण 62 एपिसोड. सगळे एका दमात पाहू नका, नेटपॅकही जाईल आन हातीही काही लागणार नाई. पहिला एपिसोड आवाज बंद करून पाहा. इंग्रजी येत नाई म्हणणाऱ्याइले तं हे सोपंच. फक्त आंग पाहा. पोट सुटलेलं, मिशी अशी की असून नसल्यासारखी, कपडे पार फिक्या रंगाचे, खांदे खाली पडलेले. हे बरंचसं त्यानं स्वतः ठरवून मागून घेतलं होतं, आन ते वाकून चालणं तं त्यानं आपल्या बापाचं उचललं, तोच बाप जो सोडून गेला होता. मंग शेवटच्या सीझनचा कोणताही एपिसोड लावा, तोही मुका. तेच आंग, पण खांदे, मान, पाय टाकणं सगळं बदललेलं. दोन्हीतला फरक वहीत लिहा, शब्दात जमत नसेल तर चित्र काढा. मंग गावातला एखादा म्हातारा धरा आन त्याचं चालणं आठ दिवस पाहा, त्याले न सांगता.

एक सीन मात्र आवाजासकट पाहा, दुसऱ्या सीझनमधला, जिथं जेन नावाची पोरगी नशेत गुदमरून मरते आन हा बाजूले उभा राहते. आधी धावते, हात पुढं जाते, मंग थांबते. हात तोंडावर येते, डोळ्यात पाणी, आन शेवटाले चेहरा असा कोरा होते की भेव लागते. एक शब्द नाई. त्या मेलेल्या पोरीच्या जागी त्याले क्षणभर स्वतःची पोरगी दिसली होती, हे त्यानं नंतर सांगितलं आहे. आता हे जसंच्या तसं मंडपात करू नका बापा! कॅमेरा तोंडाजवळ असते, आपल्याकडं मागच्या रांगेतला माणूस चादर गुंडाळून बसला असते, त्याले तुमच्या डोळ्यातलं पाणी काय दिसणार. त्याले दिसते ते पुढं गेलेला हात आन तो मधातच थांबलेला. तेवढंच घ्या, आन थांबा जरा जास्त, ऑर्गनवाल्याले आधीच सांगून ठेवा की इथं वाजवाचं नाई, नाई तर तो हमखास वाजवते.

स्टेजचा माणूस नाई असंही समजू नका, अमेरिकेत नाटकासाठी टोनी अवॉर्ड असते, ते त्याले 2014 मध्ये आन परत 2019 मध्ये भेटलं. टीव्हीचे एमी तं एकट्या 'ब्रेकिंग बॅड'च्या रोलसाठी चार.

ऑडिशनबद्दल त्याचं म्हणणं असं की तिथं काम मागाले जायचंच नाई, जे पात्र दिलं ते मन लावून दाखवाचं आन निघून याचं, घेणं न घेणं त्याइचं. कंपनीमालकाच्या अंगणात हात जोडून तासभर बसणाऱ्याइनं हे घ्या, पण ॲडव्हान्सचं मात्र तोंडानं पक्कं करूनच उठा, तिथं क्रॅन्स्टन कामाचा नाई.

पाहाले वेळ उरला तर 'ट्रंबो' हा पिक्चर पाहा, त्याच्यासाठी ऑस्करचं नॉमिनेशन होतं. 'गॉडझिला' राहू द्या, त्यात तो लवकरच मरते आन मंग नुसते मोठे मोठे जनावरं.