क्रोन्स असलेल्या मुलाचे फॉर्म्युल्यावरचे ८ आठवडे

माझ्या लेकाला अकराव्या वर्षी क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला सूज आणणाऱ्या दीर्घकाळच्या आजाराचं, निदान झालं. आतड्याचा टीबी नाही हे पक्कं झाल्यावर डॉक्टरांनी स्टेरॉइडऐवजी ८ आठवडे फक्त पोषण-फॉर्म्युला, म्हणजे जेवणाऐवजी प्यायचं पूर्ण पोषणाचं पेय, दिला. पोळी, वरणभात सगळं बंद. मुलांमध्ये यानेही आतड्याची सूज उतरते, आणि वाढ खुंटत नाही.

पहिला आठवडा फार जड जातो. फॉर्म्युला गार करा, झाकणाच्या पेल्यात स्ट्रॉ घालून थोडा थोडा द्या. फोडणीचा वास आला की तो रडायचा, म्हणून आम्ही त्याच्यासमोर जेवणंच थांबवलं. वर्गशिक्षिकांना आधीच सांगा: शौचालयाला न विचारता जाऊ द्या. वजन दर आठवड्याला वहीत लिहा. पोटदुखी थांबली तरी आत सूज असू शकते. ती सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी चुकवू नका. जेवण डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानेच सुरू करा. आमचा पहिला घास मऊ भाताचा होता.