औषधाची किंमत सरकारी मर्यादेत आहे का, हे कसे तपासावे

प्रथम वेष्टनावरील मूळ घटकद्रव्य, त्याची मात्रा आणि छापील किंमत टिपून घ्यावी, कारण २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशातील कमाल मर्यादा ब्रँडला नव्हे, तर घटकद्रव्य, मात्रा आणि स्वरूप यांना लागू होते. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅपवर ती मर्यादा पाहावी आणि तीत जीएसटी मिळवूनच तुलना करावी. छापील किंमत त्याहून अधिक असल्यास पक्के बिल जोडून प्राधिकरणाकडे तक्रार करावी. ज्यांची कमाल किंमत ठरवली जाते, त्या अत्यावश्यक औषधांच्या यादीबाहेरील औषधांची मूळ किंमत मात्र उत्पादकच ठरवतो आणि सरकार केवळ वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ रोखते. हे नियंत्रण अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे. अशा वेळी तेच घटकद्रव्य जनऔषधी केंद्रातून घेता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.