आजोबांची टोपी जपायची कशी

टोपी पाण्यात घालण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. टोपी कुणाची, कुठल्या प्रसंगाला घातली जायची, डाग कशाचा, हे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारून लिहून काढा आणि आतल्या बाजूचा फोटो घ्या. घडीवरचा तेलाचा पट्टा ही रोज डोक्याला तेल लावून टोपी घालणाऱ्या माणसाची खूण असते. धुतल्यावर ती परत येत नाही. सोलापुरात १९३० साली इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या, दिवसांतली टोपी असं घरात सांगत असतील, तर कापड उजेडाला धरून बघा. सूत कुठे जाड, कुठे बारीक दिसलं तर ते हातकताईचं, म्हणजे खादी. एकसारखं असेल तर गिरणीचं. वर्ष यावरून ठरत नाही, पण हेही टिपून ठेवा.

पांढरी टोपी आधी साध्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. जुनी खळ सुटते, आणि ती सुटलीच पाहिजे, कारण कसर खळीवरच येते. मग दोन लिटर पाण्यात एक चमचा रिठ्याचं पाणी किंवा सौम्य लिक्विड साबण घालून तळव्याने नुसतं दाबा. घासू नका, पिळू नका, नाहीतर जुनं कापड घडीच्या रेषेवर फाटतं. तीन पाण्यांतून काढा. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. क्षार कापडात राहिले की वाळल्यावर टोपी राखाडी आणि खरखरीत होते.

ब्लीचिंगचं पाणी नको. पिवळेपणा थोडा जातो, पण धागा कुजतो, आणि गंजाचा डाग असला तर तो उलट पक्का होतो. गंजावर लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ दहा मिनिटं लावून लगेच भरपूर पाण्याने धुवा. आम्ल राहिलं तर तिथेच भोक पडतं. कापड विरलेलं असेल तर डाग तसाच असू द्या. आपल्याकडच्या उन्हात टोपी पटकन वाळते हे खरं, तरी सावलीत पांढऱ्या टॉवेलवर पसरून वाळवा. खळ फक्त घालायच्या टोपीला: अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे आरारूट शिजवून, गाळून. इस्त्री ओलसर असतानाच करा.

काळी टोपी मात्र कधीच भिजवू नका. आत पुठ्ठा असतो, तो फुगला की आकार कायमचा जातो. मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. आतल्या पट्टीवरच्या तेलावर टाल्कम पावडर रात्रभर ठेवून सकाळी झाडा, म्हणजे तेल पावडरीत ओढलं जातं. लोकरी कापडाला कीड दिसली तर टोपी हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून पुठ्ठा ओला होतो.

ठेवताना घडी मोडून आत मऊ, धुतलेल्या मलमलीचा बोळा भरा, वरून मलमल गुंडाळा. वर्तमानपत्र नको, पिवळं पडतं आणि शाई लागते. प्लास्टिकमध्ये ओल अडकते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर पेटीच्या कोपऱ्यात, कापडात बांधून, टोपीला लागू न देता. नाव-सालाची पट्टी सुती नाडीवर पेन्सिलने लिहून आत सैल ठेवा. टोपीवर टाचणी, स्टेपल, बॉलपेन काही नको.

पेटी वर्षातून दोनदा उघडा: पावसाळा सरला की दसऱ्याला, आणि संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेसाठी बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) बाहेर निघते तेव्हा. त्या वेळी टोपी हातात द्या आणि मोठ्यांनी सांगितलेलं नवं काही असेल तर त्याच कागदावर तारखेसह लिहा.