डायबेटिसवाल्या मांजरीचं दाताचं ऑपरेशन असेल तर

सगळ्यात आधी डॉक्टरांकडे सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, म्हणजे मांजर उगाच तासन् तास उपाशी राहत नाही आणि शुद्धीवर आल्यावर शुगर बघायला दिवसभर कोणीतरी असतं. खरा घोळ होतो तो इन्सुलिनचा. पोट रिकामं आणि डोस मात्र रोजचा पूर्ण, असं झालं तर शुगर धाडकन खाली येते, म्हणून बरेच डॉक्टर त्या सकाळी डोस साधारण अर्धा करतात, पण किती युनिट द्यायचं आणि उपाशी किती वेळ ठेवायचं हे आदल्या दिवशीच विचारून चक्क कागदावर लिहून घ्या, अंदाजाने काही करू नका. निघताना कानाच्या कडेला टोचून शुगर बघा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा, कारण दवाखान्यात घाबरून मांजरीची शुगर तशीही वाढलेली दिसते. सोबत तिचं नेहमीचं ओलं खाणं न्या, ओळखीचा वास आला की लवकर तोंड लावते. आणि हो, सडका दात निघाला, इन्फेक्शन गेलं की इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते, तेव्हा पुढचे काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा. झोकांड्या खायला लागली किंवा थरथरली तर हिरड्यांना थोडा मध चोळा आणि लगेच डॉक्टरांना फोन लावा.