बीएस्सी फिजिक्ससाठी स्वस्त कॉलेज शोधताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की गावात कॉलेजांची माणसं फिरायला लागतात. "फी लागतच नाही, टीसी अन् मार्कशीट द्या, बाकीचं आम्ही पाहून घेतो." कापसाचे पैसे संपलेले, पेरणी तोंडावर, बाप कागद काढून देतो. कॉलेज ठरेपर्यंत टीसी घरातच ठेवा. मूळ मार्कशीट पडताळणीपुरती दाखवायची. कॉलेजांनी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, हे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2018 मध्येच सांगितलंय.

फी विचारली, तुकडी विचारली नाही

एकाच इमारतीत बीएस्सीच्या दोन तुकड्या असू शकतात, अनुदानित आणि विनाअनुदानित. पहिलीत प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, दुसरीत तो तुमच्या फीतून निघतो. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स हा जुना ग्रुप बहुधा अनुदानित असतो, कॉम्प्युटर सायन्स जोडलेला बऱ्याचदा विनाअनुदानित. खिडकीवरचे बाबू हे आपणहून सांगत नाहीत. तुकडी कोणती ते विचारा आणि तिन्ही वर्षांची फी कागदावर मागा.

लॅब न पाहताच ॲडमिशन

ही सगळ्यात महागडी चूक. स्वस्तातलं कॉलेज वाईट असतं असं मुळीच नाही, पण बंद लॅबचं कॉलेज फुकट मिळालं तरी नको. प्रॅक्टिकलच्या वेळी जा आणि न्यूटनच्या वलयांचा प्रयोग दाखवा म्हणा. त्यात लागणारा सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर दिसतो, मग काही मिनिटांनी पिवळाधमक होतो. तो पिवळा होईपर्यंत तिथंच थांबा. दिवा लागलाच नाही, किंवा वलयं मोजायच्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू गंजून बसलाय, तर समजा की मुलं रीडिंग मागच्या वर्षीच्या रेकॉर्डबुकातून उतरवतात. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठून फिजिक्सला कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, तेही विचारा. तासिकावाले सर कमी शिकवतात असं नाही. पण त्यांच्या नेमणुका लांबल्या की वर्ग रिकामा राहतो.

आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, म्हणजे मुख्य विषय निवडावा लागतो. पहिल्या वर्षाला फिजिक्स आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तिसऱ्या वर्षाला फिजिक्स मेजरची बॅच खरंच चालते का? पोरं कमी पडली म्हणून ऐनवेळी केमिस्ट्रीकडे वळवलं, तर तक्रार कुठं करणार?

गणित टाळणं

गणिताची धास्ती म्हणून पुष्कळ जण बारावीलाच ते सोडतात. गणिताविना फिजिक्स पुढे रेटता येत नाही. एमएस्सीसाठी आयआयटींची जॅम परीक्षा द्यायची तर गणिती पद्धती अभ्यासक्रमातच आहेत. मायनर, म्हणजे जोडविषय म्हणून तरी गणित मिळतंय का ते बघा.

जवळचं म्हणजे स्वस्त, हा हिशोब

प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि गावाची शेवटची एसटी साडेचारची. मग खोली घ्यावी लागते आणि फीत वाचवलेले पैसे भाड्यात जातात. विद्यार्थी पासवर सुमारे 66 टक्के सवलत आहे, पण अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच चालतो. त्यापेक्षा शासकीय संस्थांचा विचार आधी करा: अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, नागपूरची शासकीय विज्ञान संस्था, गडचिरोलीचं शासकीय विज्ञान महाविद्यालय. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांचा अर्ज वेगळा भरावा लागतो. कॉलेजात नाव लागलं म्हणजे वसतिगृह मिळालं, असं होत नाही.

शिष्यवृत्ती अडकली तर

"मुलींना शिक्षण मोफत" हे 2024 पासून सगळ्यांच्या कानावर आहे. ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे. साध्या बीएस्सीला ती धरून बजेट बांधू नका. बीएस्सीसाठी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या इतर योजना बघा. पोर्टलवर आपलं कॉलेज आणि नेमका कोर्स दिसतो का, हे ॲडमिशनच्या आधी सेतू केंद्रात बसून तपासा. अर्ज मंजूर दाखवतोय आणि पैसे येत नाहीत, तर घोळ बहुतेक वेळा बँकेत असतो. आधार खात्याला जोडलेलं असतं, पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, मॅपिंग झालेलं नसतं, किंवा ते दुसऱ्याच जुन्या खात्याला असतं. शाखेत जाऊन "आधार सीडिंग डीबीटीसाठी करा" असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल, तर ते आधी दुरुस्त करा.