वाद चिघळण्याआधी समेट कसा करावा : ख्रिस्ती शिकवणीतील मार्ग

मतभेद झाला की बहुतेक वेळा गाडी "आधी कोणी बोलायचे?" या प्रश्नापाशी अडते. बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानात याचे उत्तर दोन ठिकाणी आहे. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे पाचवा अध्याय सांगतो (५:२३-२४). अठराव्या अध्यायात मात्र ज्याच्याविरुद्ध अपराध झाला आहे त्यानेच अपराध्याकडे जायचे आहे (१८:१५). दोन्ही वचने एकत्र वाचली, तर दुखावणाऱ्याला किंवा दुखावलेल्याला, कोणालाच समोरच्याची वाट पाहत बसण्याची मुभा राहत नाही. सोयीचे तेवढे एकच वचन दुसऱ्याला ऐकवण्याची सवय आपल्यात फार आहे.

म्हणून वाद लक्षात येताच हालचाल करावी. कलहाचा आरंभ म्हणजे पाण्याला वाट फोडून देणे, असे नीतिसूत्रे (१७:१४) म्हणते. सूर्य मावळेपर्यंत राग राहू नये, ही इफिसकरांस पत्रातील (४:२६) सूचना रागाविषयी आहे. प्रत्येक वाद रात्रीपूर्वी मिटलाच पाहिजे, असा तिचा अर्थ घेऊ नये. दोघेही संतापलेले असतील, तर दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून थांबणे शहाणपणाचे.

भेटीला एकट्याने जावे आणि त्यापूर्वी तिसऱ्याच्या कानी काही घालू नये. "प्रार्थनेचा विषय" म्हणून चार जणांना सांगितलेली तक्रारही चहाडीच ठरते. प्रत्यक्ष काय घडले आणि आपण त्यावरून काय तर्क केला, हे मनात वेगळे करून ठेवावे. भेटीत आधी ऐकून घ्यावे (याकोब १:१९), आपली चूक "पण" न जोडता कबूल करावी आणि आर्थिक नुकसान झाले असल्यास भरपाईची तयारी दाखवावी. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले होते (लूक १९:८).

एवढ्याने जमले नाही, तर एकदोघांना सोबत न्यावे. हे लोक आपले वकील नसून साक्षीदार आहेत, म्हणून समोरच्याचाही ज्यांच्यावर विश्वास आहे अशांनाच निवडावे. मंडळीपुढे, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायापुढे, जाण्याची पायरी त्यानंतरची.

विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायालयात खेचण्याबद्दल प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला कडक शब्दांत विचारले होते (१ करिंथ ६:१-८). परंतु मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मुलांचा छळ या गोष्टी "आपसात मिटवण्याच्या" नाहीत. तेथे पोलिसांकडे जावे, कारण दुष्कर्माला शासन करणे हे अधिकाऱ्यांचे काम असल्याचे रोमकरांस पत्रच सांगते (१३:४). भयभीत पीडिताला एकट्याने भेटीस पाठवणे हा तर वचनाचा दुरुपयोग होय.

सर्व करूनही एकमत होईलच असे नाही. अब्रामाने आपला पुतण्या लोट याला जमिनीची पहिली निवड देऊन वेगळे होणे पत्करले (उत्पत्ती १३), आणि पौल व त्याचा सहकारी बर्णबा हे मार्क नावाच्या सोबत्यावरून विभक्त झाले (प्रे. कृत्ये १५:३९), पुढे मात्र मार्क सेवेसाठी उपयोगी असल्याचे पौलानेच लिहिले (२ तीमथ्य ४:११). समेट झाला, तर ठरलेल्या गोष्टी थोडक्यात लिहून दोघांकडे ठेवाव्यात, आणि आधी ज्यांच्याजवळ तक्रार केली असेल, त्यांनाही वाद मिटल्याचे स्वतः कळवावे.